थर्मोस्टॅट काढून देणारी गॅरेजं: नागपुरातल्या कार दुरुस्तीचा आढावा

नागपुरात गाडी दुरुस्त करणाऱ्यांची वानवा नाही. कंपनीचे सर्व्हिस सेंटर, मल्टिब्रँड वर्कशॉप आणि गल्लीतला मिस्त्री, तिन्हीकडे हात चांगला असलेली माणसे भेटतात. काम फसते ते बहुतेक वेळा शेवटच्या अर्ध्या तासात. हवा काढणे, व्हॅक्यूम धरणे, नट मापाने आवळणे ही कामे ग्राहकाला दिसत नाहीत आणि मागे दुसरी गाडी उभी असली की नेमकी तीच गाळली जातात. म्हणून इथे गुण दिले आहेत ते कामाला, गॅरेजच्या पाटीला नाही.

गाडी गरम होण्याची तक्रार: ५ पैकी १. पारा ४५ च्या आसपास गेला की या तक्रारीवर ठरलेले दोन उपाय होतात. थर्मोस्टॅट काढून फेकायचा आणि रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट वायर जोडून सतत चालू, करायचा. ‘आपल्या नागपुरात थर्मोस्टॅट कायले पाहिजे भाऊ?’ ऐकायला पटते, पण आहे साफ चूक. थर्मोस्टॅट हा साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडणारा व्हॉल्व्ह. तो काढला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, इंजिन नेमून दिलेल्या तापमानाला पोचत नाही, ईसीयू (इंजिनवर ताबा ठेवणारा संगणक) इंजिन थंड आहे असे समजून इंधन जास्त सोडतो. मायलेज पडते, ऑइलमधला ओलावा उडत नाही. डिसेंबरच्या सकाळी डॅशबोर्डवरचा ‘इंजिन थंड’ सांगणारा निळा दिवा कितीतरी किलोमीटर विझत नसेल, तर उन्हाळ्यात कोणीतरी हा उपाय करून ठेवला आहे असे समजा. फॅन डायरेक्ट केला की मोटर अखंड फिरून लवकर जळते, आणि फ्यूज टाळून टेपने गुंडाळलेली वायर बोनेटखाली राहते ती वेगळीच.

खरे कारण सहसा साधे असते: धुळीने चोंदलेल्या रेडिएटरच्या जाळ्या, फॅनचा अशक्त रिले, गळका वॉटर पंप, नाहीतर ढिले पडलेले रेडिएटरचे झाकण. झाकणावर ०.९ किंवा १.१ बार छापलेले असते. कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी दाबाचे बसवले की कूलंट लवकर उकळते. कूलंट बदलताना बोअरचे पाणी घालू देऊ नका, त्यातले क्षार आत पापडी धरतात. प्रीमिक्स (पाणी मिसळूनच मिळणारे कूलंट) नसेल तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. मग हवा काढायची: हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडे (हे इंजिन थंड असतानाच सुरू करायचे), हळूहळू भरत जायचे आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी आयडलवर. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर कूलंटच्या बाटलीतली पातळी पुन्हा पाहायची. पाणी ओतून दहा मिनिटांत चावी हातात दिली, तर हवा आतच आहे.

एसी: ५ पैकी २. ‘गॅस कमी झाला’ हे निदानच नाही. एसीची लाइन बंद असते, गॅस कमी झाला म्हणजे तो कुठून तरी गेला. ओ-रिंग, खडा लागलेला कंडेन्सर, डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर, कॉम्प्रेसरचे सील, यांपैकी गळती कुठे आहे हे शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्याचे गिऱ्हाईक पक्के करतो. दुसरी चूक म्हणजे वजन न करता दाबाच्या काट्यावर गॅस भरणे. बंद लाइनमध्ये द्रव आणि वाफ दोन्ही असतील तर दाब तापमानावर ठरतो. आत किती ग्रॅम आहे ते काट्याला कळत नाही. प्रमाण बोनेटखालच्या स्टिकरवर असते. लहान हॅचबॅकला आर-१३४ए हा एसीचा गॅस साधारण साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम लागतो. जास्त झाला तरी गारवा कमीच होतो: सिग्नलवर गाडी उभी राहिली की हाय साइडचा (कंडेन्सरकडच्या बाजूचा) दाब चढतो आणि कॉम्प्रेसर कट होतो. अशी गाडी परत नेली की बहुतेक ठिकाणी आणखी गॅस घालतात.

बरोबर पद्धत अशी: जुना गॅस मशिनने काढून वजन करायचे, गळती दुरुस्त करायची, निदान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने लाइनमधली हवा आणि ओलावा ओढून काढणे), मग पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटे काटा जागचा हलतो का ते पाहायचे, आणि मग वजनावर गॅस. कॉम्प्रेसर किंवा कंडेन्सर बदलला असेल तर कंपनीने सांगितलेले ऑइलही मापाने. व्हॅक्यूम न धरता भरले की आतला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर बर्फ धरतो आणि एसी कधी गार, कधी गरम हवा देतो. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गॅरेजबाहेर रांग लागली की हा अर्धा तास पाच मिनिटांवर येतो, तेव्हा हे काम मार्चमध्येच उरकलेले बरे. पैसे देण्याआधी रिसर्क्युलेशन लावून, इंजिन १५०० आरपीएमला दहा मिनिटे ठेवून डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरा. भर मे महिन्यातही १० ते १४ अंश मिळायला हवेत.

ब्रेक: ५ पैकी ३. पॅड बदलता सगळ्यांना येतात, घाई होते ती आजूबाजूच्या कामात. कॅलिपरच्या स्लाइड पिना काढून पुसल्या नाहीत, किंवा त्यांना सिलिकॉन ग्रीसऐवजी चाकाच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस लावले, की रबर फुगते, पिन अडकते आणि एकाच बाजूचा पॅड झिजतो. आवाज थांबवणाऱ्या बारीक पत्र्याच्या क्लिपा ट्रेमध्येच राहतात. खड्ड्यात खडखड ऐकू आली तर आधी त्याच शोधा. नवा पॅड साधारण १० मिलिमीटरचा, २-३ वर आला की बदलायचा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर मारून देणाऱ्याकडून गाडी परत घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे: नव्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी धरलेल्याचा १५५ पर्यंत उतरलेला. उघडी पडलेली जुनी बाटली चालवून घेऊ नका.

चाकाचे नट हा वेगळा वैताग. एअर गनने कचकचून आवळले की स्टड ताणले जातात, डिस्कवर दाब असमान बसतो आणि काही दिवसांनी ब्रेक दाबताच स्टेअरिंग थरथरते. पंक्चर काढल्यावर पान्याने नट हलत नसेल तर समजा गन चालली आहे. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर पुरतात, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने. हा पाना गॅरेजमध्ये आहे का आणि त्यावर धूळ किती आहे, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

ऑइल सर्व्हिसबद्दल थोडक्यात. मारुतीच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनात फिल्टरसह साधारण तीन-सव्वातीन लिटर मावते; बिलात चार दिसले तर उरलेले डब्यात भरून मागा. ड्रेन प्लगचा वॉशर नवा हवा. इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग, एसी डिसइन्फेक्टंट हे मॅन्युअलमध्ये नसेल तर सरळ नाही म्हणा. हा भुर्दंड चकचकीत वर्कशॉपमध्येच जास्त.

दुरुस्त झालेली गाडी ताब्यात घेताना चाचणी उड्डाणपुलावर करा. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर तीन किलोमीटर सिग्नल नाही, गाडी एका बाजूला ओढते का ते तिथे कळते. शहरातल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवरून काच खाली करून ३०च्या वेगाने गेलात की सस्पेन्शनचा प्रत्येक ढिला बुश बोलतो.

कागदाचे काम मात्र गॅरेजमध्ये गाडी ठेवतानाच. जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदीवर) ‘ब्रेक चेक’ लिहू देऊ नका. ‘६०च्या पुढे ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरते’ असे लिहायला लावा. किलोमीटर, अंदाजपत्रक आणि ‘जुने पार्ट डिक्कीत ठेवणे’ हेही. पक्के बिल घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरही मजुरीसारखाच १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा २८ दिसला तर विचारा. कच्च्या चिठ्ठीवर पैसे वाचतात आणि पुरावाही जातो.

काम बिघडलेच तर लगेच दुसऱ्या मिस्त्रीकडे खोलू नका. आधी त्याच गॅरेजला व्हॉट्सॲपवर व्हिडिओसह लेखी तक्रार आणि दुरुस्तीची तारीख मागा. नकार आला तर दुसऱ्या गॅरेजचे मत लेटरहेडवर घ्या, खोलताना व्हिडिओ काढा, पार्ट जपून ठेवा. बिलाच्या वादात गॅरेजवाला गाडी अडवू शकतो, केलेल्या कामाच्या मजुरीपोटी तो अधिकार करार कायद्याच्या कलम १७० ने त्याला दिला आहे. तेव्हा वाद घालत बसण्यापेक्षा बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम दिली’ असे लिहून, पैसे ऑनलाइन भरून गाडी सोडवा. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षे, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावणे सक्तीचे नाही. तिथे मागितला जातो तो जॉब कार्डचा कागद आणि डिक्कीतला जुना पार्ट.