मांडवाच्या तोंडाशी काय लावायचं: चौकट की हातातला डिटेक्टर?

गणेशोत्सव जवळ आला की पेठेतल्या मंडळांच्या बैठकीत हा विषय निघतोच. देखाव्याचं ठरतं, वर्गणीवरून थोडी वादावादी होते, आणि मग कोणीतरी विचारतं, "यंदा मेटल डिटेक्टरचं काय?" २०१० साली जर्मन बेकरीत आणि २०१२ साली जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. त्यानंतर पुण्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

पर्याय दोन: माणसं ज्यातून चालत जातात ती दारासारखी चौकट, किंवा हातात धरून अंगावरून फिरवायचा डिटेक्टर. दोन्ही यंत्रांचं तत्त्व एकच. तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की त्याच्या अंगात छोटे भोवरी प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र उमटतं, आणि तो फरक टिपून यंत्र 'पीप' करतं. म्हणजे यंत्राला कळतो तो फक्त धातू. धातूचा भाग नसलेली स्फोटकं त्याला दिसत नाहीत. उलट कमरेचा पट्टा, किल्ल्या, मोबाइल, पैंजण सगळं दिसतं. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे गरोदर बाईला बाजूने काढायचं कारण नाही. पेसमेकर असलेल्यांनी मात्र चौकटीत न रेंगाळता नेहमीच्या चालीने पुढे जावं, आणि हातातला डिटेक्टर त्यांच्या छातीवर धरून ठेवू नये.

आता चौकट. तिचा मोठा गुण वेग. माणसं एकामागून एक, न थांबता जातात. चांगल्या चौकटीत उंचीप्रमाणे विभाग पाडलेले असतात, त्यामुळे धातू घोट्याशी आहे, कमरेशी की खांद्याशी, ते बाजूच्या दिव्यांवरून कळतं. पण ती जागेच्या बाबतीत फार नाजूक. आपल्या मांडवात लोखंडी पाइप, वाऱ्याने थरथरणारे पत्रे, शेजारी जनरेटर, वर एलईडीची भिंत आणि स्पीकर. यातलं काहीही जवळ असलं, त्यातही हलणारं, की चौकट उगाच ओरडते. हे दुखणं जुनं आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. त्यांना एकाच बाजूला शोधू दिलं गेलं, आणि गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनीही घोळ घातल्याचं सांगतात.

दोन चौकटी शेजारी लावायच्या तर त्या एकमेकींशी जुळवून घेता येणाऱ्या हव्यात, नाहीतर एकमेकींचंच चुंबकीय क्षेत्र पकडून उगाच वाजतात. शिवाय भाद्रपदातला पाऊस आहे. उघड्यावर चालेल अशी, पाण्यापासून जपलेली चौकट मागा, ती हलत्या फळीवर उभी करू नका आणि बॅटरीची सोय आधी विचारा. ढोल-ताशा पथक त्यातून नेऊ नका. झांजा एकदा चौकटीत शिरल्या की कार्यकर्त्यांचा यंत्रावरचा विश्वासच उडतो.

हातातला डिटेक्टर चौकटीच्या मानाने फारच स्वस्त. बॅटरीवर चालतो आणि नेमकी जागा दाखवतो. अंगापासून दोन-तीन बोटांवरून फिरवायचा. बँडच्या गोंगाटात आवाज ऐकू येणार नाही, म्हणून हाताला थरथर जाणवणारा घ्यावा. अडचण वेळेची. एका माणसाला पुढून-मागून पंधरा सेकंद धरले तर मिनिटाला चार, तासाला २४० माणसं. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी एवढ्यात लक्ष्मी रस्त्यापर्यंत रांग जाईल. बायकांच्या तपासणीला बाईच हवी आणि आडोसाही हवा, म्हणजे माणसंही दुप्पट लागतात.

माझं मत स्पष्ट आहे. चौकट घेतली तरी हातातले दोन लागणारच, कारण चौकट 'कोणाकडे' आणि फार तर कोणत्या उंचीला ते सांगते, 'नेमकं कुठे' ते हातातलाच शोधतो. पीप वाजतंय, माणसं जाताहेत आणि खुर्चीतला कार्यकर्ता मोबाइल बघतोय, असं दृश्य असेल तर त्या चौकटीचं भाडं देखाव्याच्या खर्चात धरावं. म्हणून गल्लीतल्या लहान मंडळाने चौकटीच्या भानगडीत पडू नये. दोन हातातले, पिशव्या उघडून बघायला एक टेबल आणि आलटून-पालटून उभे राहणारे चार जण पुरतात. पिशव्या डिटेक्टरवर सोपवू नका. प्रत्येक पिशवीत डबा, छत्री, चेन असते, ती वाजणारच. रांग चौकापर्यंत जाणाऱ्या मंडळाला चौकट हवीच, पण विकत नको. वर्षातले दहा दिवस वापरायची वस्तू भाड्याने परवडते. मंगल कार्यालयाचं गणित वेगळं. तिथे दर लग्नसराईत उपयोग आहे आणि जागाही पक्की आहे, तिथे ती विकत घेणं शहाणपणाचं.

भाड्याची चौकट आली की टेम्पो सोडण्याआधी तपासा. सगळ्या खिशांतला धातू काढून एकाने मधून जावं, चौकट गप्प राहिली पाहिजे. मग एकच लोखंडी पाना आधी पायमोज्यात, मग कमरेला, मग टोपीत ठेवून जा. तिन्ही वेळा वाजली आणि दिवा बरोबर उंचीचा लागला, तर ठेवून घ्या. पायमोज्यातला सुटला तर संवेदनशीलता वाढवून पुन्हा बघा, आणि तरी सुटला तर दुसरी मागवा. हीच चाचणी मांडव पूर्ण उभा राहिल्यावर, स्पीकर आणि दिवे चालू करून परत करा.