अपोलो बंदर ते काळा घोडा: सुरुवात वस्तुसंग्रहालयापासून करावी

मुंबई पाहायला आलेली मंडळी बहुधा टॅक्सीतून थेट गेटवे ऑफ इंडियापाशी उतरतात, फोटो काढतात, ताजमहाल हॉटेल डोळे भरून पाहतात आणि अर्ध्या तासात कुलाबा कॉजवेवर खरेदीला निघून जातात. बंदराला लागून असलेला हा परिसर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरामात पायी फिरता येतो आणि तो असा उरकून टाकण्याजोगा खचितच नाही. मात्र त्याची सुरुवात गेटवेपासून न करता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण असे की, या दोन्ही वास्तू जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाच्या आहेत. वस्तुसंग्रहालयाची कोनशिला 1905 मध्ये बसली, इमारत 1914 मध्ये पूर्ण झाली, पण पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाल्यामुळे लोकांसाठी ती 1922 मध्ये खुली झाली. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट, कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड, झरोके आणि सज्जे हे सारे बाहेरूनच लक्ष वेधून घेते. तरीही मधल्या दालनात घुमटाखाली उभे राहून पहिल्या मजल्याकडे नजर टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिथे गोलाकार मांडलेल्या लाकडी कमानी नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेतलेल्या आहेत. वाड्याचे कोरीव लाकूडकाम या दगडी इमारतीत विटेटने इतके बेमालूम बसवले आहे की, ते दुसरीकडून आणले आहे हे सांगितल्यावाचून कळत नाही. लघुचित्रांच्या दालनाला निदान तासभर द्यावा. घाई असेल तर परदेशी वस्तूंची दालने सोडली तरी चालतील.

तिथून बाहेर पडल्यावर जहांगीर कलादालन शेजारीच आहे. 1952 पासून चालू असलेल्या या दालनातील प्रदर्शने सतत बदलत असल्याने ते कितीही वेळा पाहिले तरी शिळे होत नाही. काळा घोडा चौकाला ज्यावरून नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये हलवण्यात आला आणि आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. चौकात आज दिसणारा स्वाराविना घोडा 2017 चा आहे. जवळच्या गल्लीतील 1884 चे ज्यू प्रार्थनामंदिर पाहिल्यावर बंदराच्या दिशेने वळावे.

वस्तुसंग्रहालय पाहून आलेल्याला गेटवे निराळा दिसतो. पिवळ्या बेसॉल्टची ती कमान, तिच्यावरचे चार मनोरे आणि ग्वाल्हेरहून आणलेल्या दगडी जाळ्या यांत तोच हात ओळखू येतो. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 रोजी इथे उतरले, तेव्हा ही कमान अस्तित्वात नव्हती. ती 1924 मध्ये बांधून झाली. तिच्याकडे येणारा नियोजित रस्ता पैशांअभावी कधीच झाला नाही, त्यामुळे मागच्या रस्त्याशी ती तिरकी उभी आहे. 28 फेब्रुवारी 1948 रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली. ही सर्व माहिती पर्यटकाला जागेवरच, मराठीत आणि नीट वाचता येईल अशा फलकावर मिळायला हवी. शिवाय एवढ्या मोठ्या प्रांगणात दुपारच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाने टेकावे कुठे, याचाही विचार झालेला दिसत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

ताजमहाल हॉटेल गेटवेपेक्षा जुने, 1903 चे आहे. ते उलट्या दिशेला बांधले गेल्याचे पाहून वास्तुविशारदाने जीव दिला, ही हमखास ऐकवली जाणारी कथा निराधार आहे. मूळ आराखडा करणाऱ्यांपैकी सीताराम खंडेराव वैद्य यांचे काम चालू असतानाच निधन झाले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले. ही गोष्ट निदान मराठी माणसाने तरी इतरांना आवर्जून सांगावी.

गेटवे समुद्राकडून येणाऱ्यांसाठी बांधलेला असल्यामुळे तो पाण्यावरूनच पाहायला हवा. त्यासाठी घारापुरीची लाँच उत्तम. प्रवास साधारण तासाभराचा असतो आणि सकाळचे ऊन कमानीच्या दर्शनी बाजूवर पडत असल्याने पहिल्या लाँचपैकी एखादी पकडावी. लाँच धक्क्यापासून दूर जाऊ लागली की कमान, ताजचा घुमट आणि मागची इमारतींची रांग एकाच चौकटीत येते. घारापुरीच्या सदाशिवमूर्तीसमोर पोहोचल्यावर मात्र या किनाऱ्यावरचे सारे काही फार अलीकडचे वाटू लागते. एकाच दिवसात दोन्ही बसवायचे असल्यास सकाळी घारापुरी आणि दुपारी वस्तुसंग्रहालय असा क्रम सोयीचा पडतो. पण दोन दिवस हाताशी असतील, तर पहिला दिवस वस्तुसंग्रहालय आणि काळा घोडा यांनाच द्यावा. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यास लाँचचा भरवसा नसतो, हे लक्षात घेऊन बेत ठरवावा.