पिकअपला मोठे टायर: लिफ्ट करायची की लायनर कापायचा?

215/75 आर 15 मापाचा टायर काढून 235/75 आर 15 घातला की टायरचा व्यास साधारण 30 मिलिमीटर वाढतो. म्हणजे गाडी उचलली जाते फक्त 15 मिलिमीटर. रुंदी मात्र दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर वाढते आणि टायर गाडीच्या भागांना घासण्याचं खरं मूळ तिथेच असतं.

लिफ्ट किट (गाडी चाकांपासून उंच करणारे सुटे भाग) घातलं की खड्ड्यात चाक वर आल्यावर होणारी घासाघीस थांबते. पण स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडफ्लॅपला किंवा आतल्या लायनरला (चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर) लागतो, त्याला लिफ्टचा फारसा उपयोग नाही. वर अलाइनमेंटचा खर्च वेगळा, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत बदल करायला मर्यादा आहेत, तेही डोक्यात ठेवा.

दुसरा मार्ग स्वस्त: मडफ्लॅप मागे सरकवायचा, लायनर हीट गनने दाबायचा, नाहीच जमलं तर कापायचा. माझ्या गाडीला डाव्या बाजूला बोटभर काळा घासलेला पट्टा दिसत होता, तेवढाच भाग कापला. रिकाम्या गाडीत तपासून समाधान मानू नका. लासलगावला कांदा भरून नेताना मागचे पाटे बसतात, तेव्हा पुन्हा आवाज येतो का बघा.

एवढ्याशा साइजवाढीसाठी मी तरी लिफ्टच्या भानगडीत पडणार नाही. टायर मोठा झाल्यामुळे त्र्यंबक रस्त्यावर स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा खरा वेग 62-63 असेल, एवढं लक्षात असू द्या.