‘तोत्तोचान’ वर्गात: खोक्यांची गाडी, सुकट आणि मिठाची पुडी

पुस्तक चांगलं आहे हे सांगायला मी बसलेली नाही. ‘तोत्तोचान’ चांगलं आहे हे डी.एड.ला असल्यापासून ऐकतेय. आमच्या कॉलेजात तर ते न वाचलेलेही वाचलंय म्हणून सांगायचे. पण हे पुस्तक म्हणजे शिक्षकांनी वाचायचं, प्रशिक्षणात त्यावर मान डोलवायची आणि परत कपाटात ठेवायचं, असं होऊन बसलंय. ते तिसरी-चौथीच्या पोरांपुढे ठेवलं तर काय होतं ते बघायचं होतं. म्हणून जून ते ऑगस्ट, रोज जेवणाच्या सुट्टीआधी पंधरा मिनिटं मी ते मोठ्याने वाचलं आणि त्यातून जे जे निघालं त्याचा प्रकल्प केला. शाळा दापोली तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट 23.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेत्सुको कुरोयानागी यांच्या लहानपणाच्या खऱ्या आठवणी आहेत. मूळ जपानी पुस्तक 1981 चं, मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, प्रकाशक नॅशनल बुक ट्रस्ट. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी तोक्योतल्या तोमोए नावाच्या शाळेत येते. तिथले वर्ग म्हणजे रेल्वेचे जुने डबे. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिची बडबड चार तास ऐकून घेतात. 1937 साली सुरू झालेली ही शाळा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली.

मोठ्याने वाचायला हे पुस्तक फार सोयीचं आहे. प्रकरणं लहान, बहुतेक दोन-चार पानांची, आणि जवळजवळ प्रत्येकात एक तरी घटना. वाक्यं सरळ. जपानी नावांना पोरं अडखळतील असं वाटलं होतं, झालं उलटंच. लहान मुलांच्या नावापुढे लाडाने ‘चान’ लावतात आणि ही पोरगी स्वतःचं ‘तेत्सुकोचान’ हे नाव ‘तोत्तोचान’ असं ऐकायची, एवढं सांगितल्यावर आठवडाभरात वर्गात सगळ्यांना चान लागलं. खिचडी करणाऱ्या मावशींनासुद्धा. मावशी आधी चिडल्या, मग कोणी नुसतं ‘मावशी’ म्हटलं तर ओ देईनात.

मुलांच्या हातात सरळ पुस्तक देऊ नका, हे मात्र आधीच सांगते. चौथीतल्या दोन हुशार मुली सोडल्या तर एकट्याने वाचत कोणी टिकलं नसतं. एक प्रकरण गटात वाचायला द्यावं म्हणून मी तालुक्याच्या गावी झेरॉक्स काढायला गेले, तर दुकानदाराने टोनर संपत आलेल्या मशीनवर पन्नास पानं काढून दिली. निम्म्या ओळी पुसट, निम्म्या काळ्या. पैसे पूर्ण घेतले. तेव्हापासून मी वाचते आणि ती ऐकतात, हाच नियम.

आता प्रकल्प. सुरुवात मी सगळे करतात तशीच केली, म्हणजे गाडी. वाण्याकडून बिस्किटांचे अकरा खोके आणले, खिडक्या कापल्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे बाहेरची दृश्यं काढून चिकटवली. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही, जवळचं स्टेशन खेड. तेवीसातली चौदा मुलं कधी गाडीत बसलेली नव्हती. त्यामुळे उत्साह भरपूर. पण कोकणातला जुलै. तिसऱ्या दिवशी खोके पापडासारखे सादळले, चौथ्या दिवशी इंजिन बसलं. फोटो छान आले, केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर अंगठेही मिळाले, पण खरं सांगायचं तर त्या गाडीतून पुस्तक कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. ती सजावट होती.

पुस्तक शिरलं ते एका प्रश्नाने. तोमोएत रेल्वेचा आणखी एक डबा येणार असतो, पुढे त्याचं वाचनालय होतं. शाळेपर्यंत तर रूळ नाहीत, मग डबा येणार कसा, यावर तोमोएची मुलं डोकं लढवतात. डबा बघायला ती रात्री शाळेतच मुक्काम करतात. मी तिथे पुस्तक मिटलं आणि म्हटलं, तुम्ही सांगा.

उत्तरं आली. क्रेनने. हेलिकॉप्टरने. रात्रीत रूळ टाकून सकाळी उचलायचे. मग पाठीमागच्या रांगेतला, एरवी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारा पोरगा म्हणाला, “बाई, ओंडके टाकून.” त्याच्या घरी होडी आहे. पावसाच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर चढवतात तेव्हा खाली ओंडके घालतात, होडी पुढे सरकली की मागचा ओंडका काढून पुढे टाकायचा. हे त्याने बसून सांगितलं नाही. उठला, फळ्याखाली खडू आडवे मांडले, त्यावर कंपासपेटी ठेवली आणि ढकलून दाखवली. मागचा खडू सुटला की पुढे, सुटला की पुढे. वर्ग गप्प. खडू संपेपर्यंत कंपासपेटी माझ्या टेबलापर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. डबा ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीवरून येतो आणि खाली उतरवताना ओंडक्यांवरून सरकवत नेतात. वर्गाने असा काही गलका केला की शेजारून गुरुजी बघायला आले. त्या पोराने मात्र वर बघितलंच नाही, खडू डबीत भरत बसला. त्याच दिवशी आम्ही ओली खोकी भंगारात काढली आणि जड वस्तू कशा हलवतात यावर आठवडा घालवला. मावशींची तांदळाची कोठी बांबूच्या तुकड्यांवरून व्हरांडाभर फिरवली. विज्ञान म्हणा, परिसर अभ्यास म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

दुसरा मोठा भाग जेवणाच्या डब्याचा. कोबायाशींचा नियम असा, की डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरातलं काहीतरी हवं. कोणाच्या डब्यात एक कमी असलं तर त्यांची बायको दोन भांडी घेऊन फिरते आणि जे नसेल ते वाढते. आमच्याकडे समुद्र आणि डोंगर दोन्ही शाळेच्या पायरीवरून दिसतात, तेव्हा हे करायलाच हवं होतं. पण आमच्या पोरांना डबा नसतो, पोषण आहाराची खिचडी असते. शेवटी असं ठरवलं की खिचडीला घरून फक्त तोंडीलावणं आणायचं. समुद्राकडून एक, डोंगराकडून एक, चमचाभर पुरे. मासेमारीला 31 जुलैपर्यंत बंदी, म्हणून ताजी मासळी नाही. सुकट, बोंबील, सोडे आले. डोंगराकडून टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी. गुरुजी शाकाहारी आहेत. त्यांना नेमकी त्याच दिवशी तालुक्याला मीटिंग निघाली.

मी आणि मावशी दोन पातेली घेऊन उभ्या. वाद नारळावरून सुरू झाला. नारळ समुद्राकाठी होतो म्हणून समुद्रातला, असं एक गट म्हणत होता. झाड जमिनीत उगवतं म्हणून डोंगरातला, असं दुसरा. हा वाद अजून मिटलेला नाही. कोकमावरून मात्र कोणी भांडलं नाही, ते डोंगराचं.

मग एका मुलीची पाळी आली. तिच्या घरी मासे खात नाहीत. तिने कुरडूची भाजी आणली होती आणि कागदाची एक पुडी. पुडीत खडेमीठ.

“मीठ काय खाऊ आहे?” तिसरीचा आक्षेप.

“समुद्राच्या पाण्याचंच करतात ना? पुस्तकात आहे,” ती म्हणाली. परिसर अभ्यासाच्या म्हणजे.

मी काही बोलायच्या आत दुसरा एक जण मावशींकडे वळला, “मावशीचान, खिचडीत मीठ घातलंय?”

“घातलंय की.”

“मग समुद्र आधीच आहे खिचडीत. आपण उगाच सुकट आणली.”

मावशी हसून हसून पातेलं खाली ठेवून बसल्या. त्या दिवशी प्रत्येकाने त्या पुडीतला एकेक खडा जिभेवर ठेवला, अगदी प्रसाद घेतात तसा. एरवी वर्गात मागे-मागे राहणारी ती मुलगी पुडी घेऊन पंगतीत वाढत होती.

जमलं नाही तेही सांगते. मुख्याध्यापकांच्या चार तास ऐकण्याने मी भारावून गेले होते. चार तास शक्य नाहीत, म्हणून रोज एका मुलाला शाळा सुटल्यावर दहा मिनिटं द्यायची ठरवली. मोबाइलवर वेळ लावली, समोर बसले, म्हटलं बोल. पहिलीच मुलगी दोन मिनिटं गप्प बसली आणि विचारलं, “बाई, झालं का?” तिसऱ्या दिवशी मी ते बंद केलं. घड्याळ लावून ऐकणं कोबायाशींना सुचलं नसतं, मला सुचलं. माझी मुलं खरं बोलतात ती पातेलं घासताना, चपला शोधताना, एस.टी.ची वाट बघताना. तेव्हा त्यांच्यामध्ये असलं तर ऐकू येतं.

झाडांचंही अर्धवटच राहिलं. तोमोएत प्रत्येक मुलाचं चढायचं एक झाड असतं. आमच्या आवारातली बरीच झाडं 2020 च्या निसर्ग वादळात गेली, आता दोन उरलीत. दोन झाडांत तेवीस वाटेकरी, त्यात ओल्या फांद्या. गुरुजींनी नको म्हटलं, मीही हट्ट धरला नाही.

घेणाऱ्यांना एक सूचना. हे पुस्तक सगळं गोड नाही. पोलिओ झालेला यासुआकी, ज्याला तोत्तोचान एवढ्या खटपटीने झाडावर चढवते, तो पुढे मरतो. ते प्रकरण गाळावं का, याचा मी दोन दिवस विचार केला. गाळलं नाही. वाचून झाल्यावर कोणी रडलं नाही, फक्त त्या दिवशी सुट्टीची घंटा झाली तरी पटकन कोणी उठलं नाही. शाळा जळते ते शेवटचं प्रकरण ऐकून मात्र प्रश्नांचा भडिमार झाला. बॉम्ब कोणी टाकला, लहान मुलांच्या शाळेवर का टाकला. तयारीने वाचा.

आणि वजाबाकी. लेखिकेचा जन्म 1933 चा हे कळल्यावर चौथीने फळ्यावर वय काढलं. “आजीपेक्षा मोठी!” त्यात लेखिकेने पुस्तकाचा पुढचा भाग 2023 साली, पहिल्यानंतर 42 वर्षांनी काढला हे सांगितलं, तेव्हा तो आणा म्हणून मागे लागलेत. मराठीत दिसला तर घेईन.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मोठ्यांनी त्याला शिक्षणाची पोथी करून टाकलंय म्हणून, पुस्तकाचा त्यात दोष नाही. एका वर्गाला एकच प्रत पुरते, फक्त पहिल्या दिवशीच कव्हर घाला. आमच्या प्रतीला आता सुकटीचा वास आहे.

साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या मैत्रिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, डोंगर आहेत गं आमच्याकडे, समुद्र कुठून आणू? मी तिला मिठाच्या पुडीची गोष्ट सांगितली. येत्या शनिवारी तिच्या वर्गाची पंगत आहे.