लघवीतील प्रथिन: पट्टीची तपासणी की अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर?

टाइप २ मधुमेहात लघवीतून प्रथिन जाणे ही केवळ मूत्रपिंडाच्या बिघाडाची खूण नसून हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढल्याचीही सूचना असते. म्हणून ते कोणत्या तपासणीने शोधावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

लघवीत बुडवायची रंग बदलणारी पट्टी स्वस्त असते आणि मिनिटाभरात उत्तर देते. मात्र सुरुवातीला लघवीत उतरणारे अल्प अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील एक मुख्य प्रथिन, तिला बहुधा दिसत नाही. शिवाय परभणी-नांदेडकडे मे महिन्यात, पारा ४० अंशांपुढे असताना, दिवसभर रानात राबलेल्या माणसाची लघवी दाट होते आणि पट्टी उगाच गडद रंग दाखवू शकते. उलट भरपूर पाणी प्यायलेल्या रुग्णाचे खरे प्रथिनही तिच्या नजरेतून निसटते.

गुणोत्तरात अल्ब्युमिनची क्रिएटिनिनशी, म्हणजे स्नायूंतून तयार होऊन लघवीवाटे बऱ्यापैकी स्थिर प्रमाणात जाणाऱ्या टाकाऊ पदार्थाशी, तुलना होत असल्याने पाण्याचा हा फरक बराचसा वजा होतो. १ ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन सामान्य मानतात, ३० ते ३०० ही मध्यम वाढ आणि त्यापुढे तीव्र. खर्च अधिक येतो, हे खरे. तरीही निदान झाल्यापासून दरवर्षी हीच तपासणी करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण मध्यम वाढीच्या टप्प्यावर रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवून आणि योग्य औषधे घेऊन पुढील हानी बरीच लांबवता येते. ताप, लघवीचा संसर्ग किंवा जड श्रमांनंतर गुणोत्तरही तात्पुरते वाढते, त्यामुळे ३ ते ६ महिन्यांतील ३ नमुन्यांपैकी २ नमुन्यांत वाढ आढळल्यावरच निदान पक्के धरतात.