ओटी सिस्टरची क्षमता मोजायची कशी: प्रश्नावली भरून घ्यावी की शेजारी उभं राहून पाहावं?

विदर्भातल्या तालुक्याच्या रुग्णालयात ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, सिस्टर फक्त ओटीची नसते. सकाळी लेबर रूम, दुपारी सिझर, मग पुन्हा वॉर्ड. अशा अधिपरिचारिकांची (स्टाफ नर्स) ओटीतली तयारी मोजायचं अधिसेविकेनं (मेट्रन) किंवा वैद्यकीय अधीक्षकांनी मनावर घेतलं, की दोन रस्ते समोर येतात. एक, सिस्टरांनाच प्रश्नावली द्यायची. दुसरा, काम चालू असताना तक्ता घेऊन शेजारी उभं राहायचं.

प्रश्नावल्यांत ओटीसाठीच बेतलेली म्हणजे पीपीसीएस-आर (परसीव्ह्ड पेरिऑपरेटिव्ह कॉम्पिटन्स स्केल-रिव्हाइज्ड). ऑस्ट्रेलियात ब्रिजिड गिलेस्पी आणि सहकाऱ्यांनी ती 2012 मध्ये सुधारून मांडली. 40 विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. पायाभूत ज्ञान-कौशल्य, नेतृत्व, सहकार्य, कामातली सफाई, रुग्णाबद्दलची आस्था आणि व्यावसायिक वाढ असे सहा भाग. फिनलंडची 73 विधानांची नर्स कॉम्पिटन्स स्केलही आहे, पण ती सगळ्याच परिचारिकांसाठी. फक्त ओटीचं पाहायचं तर तिच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्नावली स्वस्त पडते. ना रुग्ण लागतो, ना निरीक्षक. अडचण एवढीच की ती सिस्टरला काय येतं ते मोजत नाही, आपल्याला काय येतं असं तिला वाटतं ते मोजते. वीस वर्षं ओटीत काढलेली सिस्टर ‘आपल्याले काय एवढं येते जी’ म्हणत 3 वर खूण करते आणि नुकतीच लागलेली मुलगी बिनधास्त 5 वर. हा कागद गोपनीय अहवालाला जोडला जाणार अशी कुणकुण लागली, तर सगळ्याच 5 वर.

निरीक्षणात हे झाकलं जात नाही. ड्रमचंच पाहा, म्हणजे कपडे-मॉप निर्जंतुक करायच्या धातूच्या डब्याचं. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या यंत्रात) ठेवताना त्याच्या कडेची भोकं उघडी हवीत आणि बाहेर काढल्याबरोबर बंद. उघडायची राहिली, तर काटा 121 अंश आणि 15 पौंड दाखवतो, बाहेरची टेपही रंग बदलते, पण आतल्या मॉपपर्यंत (रक्त टिपायच्या कापडी घड्या) वाफ धड पोचलेली नसते. निर्जंतुकीकरण येतं का, असं कागदावर विचारलं तर प्रत्येक जण हो म्हणेल; भोकांकडे हात जातो की नाही ते उभं राहूनच दिसतं. मॉपच्या काउंटचंही, म्हणजे मोजणीचंही, तेच. गर्भाशय शिवण्याआधी सिस्टर मोठ्यानं मोजते, की सर्जन घाईत आहेत म्हणून ‘बरोबर आहे सर’ म्हणून मोकळी होते?

तक्ता अगदी नव्यानं बनवायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 19 मुद्द्यांच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टमध्ये काउंट आहेच, त्याभोवती आपली कामं जोडा. ‘लक्ष्य’ या प्रसूतिसेवेचा दर्जा तपासणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचे गुण मात्र इथे वापरू नका. तिथले 0, 1, 2 हे मॅटर्निटी ओटीचे गुण आहेत, एखाद्या सिस्टरचे नव्हेत. ही गल्लत सहज होते.

खरा पेच निरीक्षक कोण, हा. सर्जनला टेबलावरचे हात दिसतात, ड्रम दिसत नाही. परिसेविकेला (इन्चार्ज सिस्टर) सगळं दिसतं, पण ती त्याच क्वार्टरमध्ये शेजारी राहते. कडक खूण करून संध्याकाळी चहाला कुठे जाणार? शेजारच्या तालुक्याची परिसेविका अदलाबदलीनं बोलावणं मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. वेळही पाहावी लागते. पेरणीच्या दिवसांत ठरवून ऑपरेशनला येणारं कोणी नसतं. हिवाळ्यात कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत केसेस भरपूर. पण शिबिरात दहा केसेस बिनचूक झाल्या, म्हणून सिझरमध्ये रक्तस्राव सुरू झाल्यावर तीच सिस्टर सावरेल असं नाही. त्यासाठी रिकाम्या टेबलावर मॉक ड्रिल घ्या.

प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं एवढंच ठरवायचं असेल, तर प्रश्नावली पुरे. एकूण बेरीज करू नका, 1 आणि 2 कुठे पडले ते वाचा. तीन-चार सिस्टरांच्या सरासरीला तसाही अर्थ नसतो. सेवाग्रामसारख्या शिकवणाऱ्या संस्थेला दोन्ही जमेल, तिथे माणसं आहेत. पण रात्रीच्या सिझरला कुणाला एकटीला उभं करायचं, हा प्रश्न असेल तर प्रश्नावली बाजूला ठेवा. ड्रम, काउंट आणि मॉक ड्रिल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ड्युटी लिस्टवर सही करू नका.