आईच्या मणक्याचं ऑपरेशन: डॉक्टरला पाच स्टार, बिलाला दोन

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, संभाजीनगरातलं मोठं प्रायव्हेट आहे एवढं समजून घ्या. आम्ही गेवराईकडचे. आईचा कमरेतला मणका सरकला होता, एल-४ एल-५, नस दबलेली. गंमत म्हणजे खुरपायला बसली की तिला काहीच होत नव्हतं, वाकून पूर्ण पात काढायची, पण ताठ उभं राहून घरापासून शाळेपर्यंत चालली की दोन्ही पाय जड आणि मुंग्या, मग कुठंतरी टेकायचं. भावकीत लोक म्हणायचे सोंग करते. डॉक्टरनी मात्र ऐकल्या ऐकल्या सांगितलं की अशा दुखण्यात हेच होतं, पुढं वाकलं की नसेची जागा मोकळी होते आणि ताठ झालं की परत आवळते. तिथंच अर्धा विश्वास बसला बघा.

दुसरी गोष्ट आवडली ती तंबाखूची विचारपूस. इतर ठिकाणी विचारतात बिडी-सिगारेट ओढता का, आई म्हणते नाही, विषय संपला. ह्यांनी विचारलं, "मावशी, मिश्री लावता का?" आई गप्प. मग बसवून सांगितलं की ऑपरेशनात मणक्यात बसवतात ते स्क्रू अन् रॉड फक्त धरून ठेवतात, खरं काम हाडाचं, दोन मणक्यांच्या मधी नवीन हाड धरलं पाहिजे, त्याला सहा महिने ते वर्ष लागतं आणि निकोटीननं तिथला रक्तपुरवठा कमी होऊन हाड धरतच नाही, मग कितीही भारी स्क्रू असू द्या, सारखा जोर येऊन एक दिवस ढिला होणार नाहीतर तुटणार. मिश्री बंद केल्याशिवाय तारीखच दिली नाही. शुगर अन् हाडाची घनता पण आधीच तपासली, हाड पोकळ असलं तर स्क्रू पकड घेत नाही म्हणे. घरात मिश्रीवरून जे महाभारत झालं ते इथं लिहीत नाही.

आता हाड भरण्याचं. आमच्या डोक्यात होतं की खुब्याचं हाड काढणार, कारण शेजारच्या मामांचं तसंच केलेलं आणि त्यांचा पाठीपेक्षा खुबाच जास्त दिवस दुखला. डॉक्टर म्हणाले खुब्याचं हाड आजही सगळ्यात भारी मानतात पण दरवेळी लागत नाही, नस मोकळी करताना मणक्याचं जे हाड निघतं तेच साफ करून बारीक करतात आणि केजमधी, म्हणजे दोन मणक्यांच्या मधी बसवायच्या पोकळ ठोकळ्यात, अन् आजूबाजूला भरतात, कमी पडलं तर वरून कृत्रिम दाणे टाकतात, ते कॅल्शियमच्या क्षारांचे असतात, हाडात असतात तसलेच. स्वतःचं हाड म्हणल्यावर आईला पण बरं वाटलं.

ऑपरेशन नीट झालं, दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून उभं केलं. मग एक्सरे आला आणि आमच्या काकांनी वॉर्डात दंगा केला, स्क्रू दिसतात, रॉड दिसतो, केज कुठंय, पैसे घेतले अन् टाकलाच नाही! ज्युनियर डॉक्टर पोरगी शांत होती, तिनं फिल्म खिडकीला धरून दोन मणक्यांच्या मधले बारीक पांढरे ठिपके दाखवले. केज पीक नावाच्या प्लास्टिकचा, तो एक्सरेत दिसतच नाही, म्हणून कंपनीच त्यात धातूच्या खुणा बसवते, आणि प्लास्टिक दिसत नाही त्याच्यामुळंच पुढं आत हाड धरतंय का नाही ते आरपार बघता येतं. काका नरमले, पण चहा प्यायला गेले ते तासभर आले नाहीत.

आता दोन स्टार कशाला. पॅकेज म्हणून जो आकडा सांगितला त्यात इम्प्लांट नव्हतं, हे ॲडमिट झाल्यावर कळलं. बिलात एकच ओळ, "स्पाईन इम्प्लांट", लाखाच्या वर रक्कम, त्याच्याखाली कृत्रिम हाडाची वेगळी ओळ. कोणती कंपनी, किती स्क्रू, एकाचा रेट काय, काउंटरवर कोणी सांगेना, म्हणे ओटीत (ऑपरेशन थिएटरात) विचारा, ओटीवाले म्हणे बिलिंगला विचारा. गुडघ्याच्या इम्प्लांटला सरकारनं २०१७ मधी कमाल किंमत ठरवून दिली, हृदयाच्या स्टेंटला पण त्याच वर्षी, मणक्याच्या स्क्रूला तसं काही नाही, म्हणून ह्यांना रान मोकळं. शेवटी भांडून फाईलमधलं स्टिकरचं पान झेरॉक्स करून घेतलं. प्रत्येक स्क्रूच्या अन् केजच्या डब्यावर कंपनी, साईज आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते फाईलला चिकटवतात. पुढं स्क्रू काढायची वेळ आली किंवा एमआरआय करायचा म्हणला की हे पान लागतं, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणि महात्मा फुले योजनेचं विचारायचं असलं तर ॲडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधी बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा, ऑपरेशन झाल्यावर काही होत नसतं.

बाकी नर्सिंग चांगलं, रात्री पण कुशीवर वळवायला येतात, सगळं अंग एकदम, कमरेत पिळ न देता. कॅन्टीन बेकार.

आता आई चालते, शाळेच्या पुढं मारुतीपर्यंत जाते. वाकणं, घागर उचलणं, खाली मांडी घालणं अजून बंद. दुखलं की मेडिकलमधून मनानं गोळी आणायची नाही, काही पेनकिलरनं पण हाड धरायला उशीर होतो म्हणून चिठ्ठीवरचीच घ्यायची. फॉलोअपला जाताना जुने एक्सरे सोबत न्या, तिथं जुन्या फिल्म सापडत नाहीत आणि दोन्ही शेजारी धरल्याशिवाय डॉक्टर काही बोलत नाहीत.